बावीस पैसे

बिल आलं नऊ हजार एकशे एकोणऐंशी रुपये
आणि बावीस पैसे.
एरवी चारशे सत्तरच्या आसपास येतं.
पहिल्यांदा वाटलं, टिंब चुकलं.

कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा.
दाबलं. तीनवर हिंदी बोलणारा मुलगा निघाला,
तोही एकोणीस मिनिटं सनई ऐकवल्यावर.
आयएसडी झालाय म्हणाला, मॅडम,
सतरा तारीख, रात्री दोन अकरा, एक्केचाळीस मिनिटं.
देशाचं नाव सांगितलं. मी नकाशा उघडला:
समुद्रात मुंगीने अंडं घालावं एवढं बेट.
तिथे आमचं कोण असणार?
आमचं तर पनवेलच्या पुढेही कुणी उरलेलं नाही.

भांडले.
परळच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवता चिकटवता भांडले,
तक्रारीचा अकरा आकडी नंबर
मार्करने मनगटावर लिहून घेऊन भांडले.
घरात दोनच माणसं, मी आणि वडील.
वडील बहात्तर वर्षांचे, त्यांना परदेशी नंबर लावता येत नाही,
लिहून देते.
दिलंही लिहून. सहीसकट.

नवव्या दिवशी मेसेज:
केवळ सद्भावनेपोटी रक्कम माफ करण्यात येत आहे.
जिंकले. येताना दादरहून खरवस आणला.

अण्णांनी बशी बाजूला सारली.
"तो फोन मी केला होता."
मिस्ड कॉल होता म्हणाले. एकदाच वाजला.
इतक्या रात्री अडल्याशिवाय कोण करतं?
"आणि लावावं काय लागतं त्यात? हिरवं बटण दाबलं की लागतो."

तिकडे एक बाई बोलत होती. भाषा कळेना.
पण मधेमधे थांबायची.
"थांबली की मी बोलायचो."
काय?
"हेच. गुडघ्याचं. पाणी हल्ली साडेपाचलाच जातं.
तुझी आई गेली तेव्हा
दवाखान्याने चप्पल एकच परत दिली, ते."

ते मला ठाऊक नव्हतं.

रेकॉर्डिंग असतं ते अण्णा, मी म्हटलं,
फसवायचा धंदा, मिनिटामागे पैसे.
"असेल," म्हणाले. "मधे तोडलं नाही तिने."

मी त्या रात्री शेजारच्या खोलीत होते.
कानात इयरफोन, अनलिमिटेड पॅक.

एकतीस वर्षं वडाळा डेपोत कॅश मोजली या माणसाने.
एखाद्या कंडक्टरच्या बॅगेत चार आणे कमी भरले
तर त्याच्या पगारातून कापायला लिहायचे
आणि त्या रात्री घरी नीट जेवायचे नाहीत.
सद्भावना कुठल्या रकान्यात मांडणार?
बिल मागून घेतलं, पेन्सिलीला टोक केलं.
एक्केचाळीस गुणिले एकशे ऐंशी. महिन्याचं भाडं. वर अठरा टक्के.
"हिशेब बरोबर आहे. भांडण चुकीचं होतं."

शनिवारी हिंदमाताजवळच्या गॅलरीत गेलो.
काउंटरवरचा मुलगा, छातीवर पाटी ओजस,
स्क्रीनकडे बघत राहिला.
माफ झालेलं बिल भरायची सोयच नव्हती त्याच्या सिस्टिममध्ये.
मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने वरच्या कुणाला तरी फोन लावला,
त्यालाही सनई ऐकावी लागली.
अण्णा उभेच. हातात पेन्शनच्या नोटा, रबर लावलेल्या.
मागे एक बाई सुस्कारे टाकत होती,
तिचं सिम हरवलं होतं.
शेवटी घेतले पैसे, पुढील बिलांपोटी जमा, असं काहीसं लिहून.

"आयएसडी बंद करून टाकू?" ओजसने विचारलं. मला.
मी अण्णांकडे पाहिलं.
ते पाकिटाचे कप्पे चाचपत होते.
"बावीस पैसे," म्हणाले, "सुटे नाहीत."
"राउंड ऑफ होतं, काका."
"हं."
पाकीट मिटलं. जरा थांबले.
"कुणाच्या खात्यात?"