एकोणपन्नासावा शब्द

सकाळी सात. गोकुळपेठेतली गाडी.
तर्रीचा वरचा लाल थर अजून कोणी मोडला नव्हता
तेवढ्यात हेडाऊ म्हणाला, पत्र वाचलं का बे?

वाचलं होतं. चौघांनीही.
वर 'प्रिय योगदानकर्ते', खाली सर्जनशील प्रवासाला शुभेच्छा,
आणि मधे कुठेतरी, हळूच,
एकवीस रुपयांचे आठ रुपये चाळीस पैसे.

पराते म्हणाला, निघू आपण.
त्याच्या घरी माग होता;
भाव पडला की धोटा कधी थांबवायचा
हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.
हेडाऊ म्हणाला, तू निघ.
माझी लेन्स अजून सतरा हप्ते माझी नाही.
रिझवाना बशीच्या कडेला हरभरे लावत बसली,
तिची मोमिनपुऱ्यातली मांजरं जगभर खपतात.
म्हणाली, मांजराला काय, भाव कळत नाही.
हसलो आम्ही. मग कोणीच बोललं नाही.
पोहे थंड झाले की तर्री वर साय धरते,
तिच्याकडे बघत बसलो.

माझे चार हजार आठशे बारा.
त्यात फुटाळ्याची संध्याकाळच तीनशे वेळा,
कोराडीच्या चिमण्या, धुरासकट आणि धुराशिवाय,
मे महिन्यातला दुपारचा रस्ता,
इतका रिकामा की कुठल्याही देशाचा म्हणून चालतो.
आणि एक हात.
कळमन्यात संत्री निवडणारा.
अकराशे सेहेचाळीस वेळा विकला गेलेला.

तो मला नंतर भेटत राहिला.
संधिवाताच्या गोळीच्या खोक्यावर.
कुठल्याशा बँकेच्या पेन्शन योजनेत.
एका मलमाच्या जाहिरातीत, डावीकडे, 'आधी' या शब्दाखाली.
उजवीकडचा हात दुसऱ्या कुणाचा होता.

मी सही घेतली होती. दोनशे रुपये दिले होते.
कायदा माझ्याच बाजूनं आहे.

तरी गेलो कळमन्याला.
मृगाचा शेवटचा माल उतरत होता,
कौतिकाबाई टेंभरे त्याच ढिगाशी,
डागी इकडे, निकी तिकडे, मान वर न करता.
मी सगळं सांगितलं. आकडाही.
ती म्हणाली,
माहा हात अकराशे वेळा गेला न बापा,
मंग मी काऊन अजून इथंच बसून राहिली?

मी म्हटलं, काढून टाकू का?
ते तू पाह्य, म्हणाली.
नाव तरी लिहिलं काय त्याच्यावर माहं?

घरी येऊन उघडलं.
शोधायला सोपं जावं म्हणून चित्राला शब्द जोडतात, पन्नासपर्यंत.
मी अठ्ठेचाळीस जोडले होते.
हात. म्हातारी. सुरकुत्या. फळ. श्रम.
आशिया. नारिंगी. त्वचा. खरं आयुष्य.
गरिबी.
तो मीच लिहिला होता. त्याला मागणी असते.

एकोणपन्नासावा लिहिला: कौतिका टेंभरे.
पाठवलं.

हे नाव कोण शोधणार आहे, मलाही माहीत होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं.
हा शब्द चित्राशी संबंधित नाही, म्हणून वगळला आहे.
पुन्हा असं केल्यास खात्यावर परिणाम होऊ शकतो.

परातेनं त्याच रात्री सगळे काढले होते.
हेडाऊ सतरा हप्ते थांबणार आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.
रिझवाना म्हणते, विकलेले तर परत येतच नाहीत,
मग तू नेमकं काय काढून राहिला?

तिला उत्तर दिलेलं नाही.
हात पहिला काढला.
सगळे एकदम काढायचं बटण त्यांनी ठेवलेलंच नाही,
एकेक उघडावा लागतो, एकेकदा विचारतात, नक्की का?

सदतिसाव्याशी अडकलोय.
फुटाळा, पहाट, पाठमोरा एक मुलगा, पाण्यात दगड टाकण्याच्या बेतात.
याची सही आहे माझ्याकडे.
नाव वाचता येत नाही.