स्त्री, ४७

शीर्षक सहा वेळा बदललं.
सोनटक्के मॅडम म्हणाल्या, ‘दुर्मिळ’ काढ,
दुर्मिळ सगळेच म्हणतात.
काढलं.

सारांश दीडशे शब्दांत बसवायचा.
सिन्नरची, हे काढलं.
ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही.
विड्या वळते, हेही काढलं,
या गाठीशी तंबाखूचं नातं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.
मग उरली ती एवढीच:
स्त्री, ४७, उजव्या कानाखाली सूज,
न दुखणारी, अठरा महिने.

अठरा महिने ती पदर कानावरून घेत होती
आणि जाऊ विचारायची, आज गं काय थंडी वाजतेय का.
हे कुठल्या मथळ्याखाली घालायचं?

पहिल्या नजरेला ऍसिनिक वाटलं होतं मला.
ऍसिनस म्हणजे लॅटिनमध्ये द्राक्ष,
हे एमडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं;
पिंपळगावात वाढलेल्या मुलीला आधी कुणी सांगितलं असतं
तर पाठ करायचे कष्ट वाचले असते.
पण ही द्राक्षं नव्हती.
पेशींमध्ये पोकळ्या, पोकळ्यांत गुलाबी साय,
जणू लाळेच्या ग्रंथीला
आपण छातीत आहोत असं वाटत होतं,
पत्ता चुकलेली, आणि तरी नेटाने पाझरणारी.
ब्लॉक मुंबईला पाठवला.
तीन आठवड्यांनी जनुकाचं उत्तर आलं: होय, तीच.
त्या दिवशी मी आनंदाने मिसळ मागवली.
नंतर जरा लाज वाटली.

फोटो पंखा बंद करून काढले,
एप्रिलमध्ये, दुपारी दोनला,
सिव्हिलच्या मागच्या त्या पत्र्याच्या खोलीत.
पंख्याने टेबल थरथरतं,
आणि चारशेपट मोठं केलं की थरथर म्हणजे भूकंप.
घाम आयपीसवर टपकत होता.
आकृती दोन, खाली उजवीकडे मोजपट्टी,
पन्नास मायक्रॉन.

काप गांगुर्डेंचे.
बर्फाच्या ट्रेवर ब्लॉक थंड करून,
श्वास रोखून, तीन मायक्रॉनचे,
कोमट पाण्यावर सुरकुती न पडता उतरवलेले.
लेखकांत पाच नावं आहेत. त्यांतल्या दोघांनी
स्लाइड पाहिलेली नाही.
गांगुर्डे ‘आभार’मध्ये.
ते एवढंच म्हणाले, मॅडम, स्पेलिंग पासपोर्टवरचं घाला,
शेवटी डी ई. डी नाही नुसता.

संमतीपत्रासाठी ती एसटीने आली.
फॉर्म मराठीत होता, तिने सगळा वाचला,
बोट फिरवत, दोन्ही बाजू.
‘यात माझं नाव कुठं येणार?’
नाही येणार.
‘मग ते माझं होतं हे लोकांना कसं कळणार?’

मी तीन पानांची चर्चा लिहिली आहे.
एकतीस संदर्भ, प्रत्येकाचे स्वल्पविराम तपासलेले.
त्यात याचं उत्तर नाही.

रात्री पावणेबाराला सगळं चढवलं.
हितसंबंध आड येतात का? नाही.
अन्यत्र पाठवलं आहे का? नाही.
सर्व लेखकांनी वाचलं आहे का?
इथे बोट थोडं थांबलं. होय.
पोर्टलने क्रमांक दिला,
तो मी रक्ततपासणीच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवला.

मंगळवारी ती ओपीडीत दिसली,
टाके सुकलेले, केस कानामागे घेतलेले.
‘छापून आलं का?’
अजून नाही. दोघं जण तपासतायत.
‘म्हणजे त्याचेबी काप काढतात?’
काढतात की.

ती हसली.
डावीकडून पूर्ण,
उजवीकडून ओठाचा कोपरा थोडा मागे राहिला.

पान चार, तिसरा परिच्छेद:
‘चेहऱ्याची नस शाबूत.’

पोर्टल उघडून पाहिलं.
संपादकांकडे आहे.
आता काही बदलता येत नाही.