सापडलेल्या वस्तूंची वही

कोतूच्या किनाऱ्यावरचं आमचं हॉटेल
नोव्हेंबरात उघडतं, आणि एप्रिल सरता सरता
खुर्च्यांचे पाय वर करून झोपी जातं.
मधले सहा महिने मला हुद्दा असतो:
नीमा, लिनन-रूम, दुसरा मजला.
उरलेले सहा
मी नुसतीच हाद्दीची थोरली.

माझ्या ताब्यात चादरी, अभ्रे, टॉवेल
आणि एक लांबोळकी वही.
पाहुणे विसरून जातात ते तिच्यात उतरवायचं:
खोली, तारीख, वस्तू, सही.
पोहायची टोपी. डाव्या पायाचा एकच बूट.
कवळी, वरची. उसैनू तीन दिवस हसत होता.
अंगठ्या दोन:
एकीसाठी त्याच रात्री फोन आला रडत,
दुसरीसाठी अजून कुणी विचारलेलं नाही.

नव्वद दिवस वाट बघायची, मग चिठ्ठ्या टाकायच्या,
असा नियम.
म्हणून तर आमचा माळी यांकुबा
मासळी आणायला निघतो तेव्हा
त्याच्या छातीवर नॉर्वेतला कुठला तरी नौका-क्लब असतो,
आणि तिदाच्या घरी केस वाळवायचं यंत्र,
भिंतीवर खिळ्याला टांगलेलं,
वीज येईल त्या दिवसासाठी.

गेल्या एप्रिलात, शेवटच्या पगाराच्या दिवशी,
माझ्या चिठ्ठीत चष्मा निघाला.
दोनशे चौदा. तपकिरी काड्या, एक जराशी वाकडी.
घरी आईच्या नाकावर ठेवला, सहज, गंमत म्हणून.
ती गप्पच झाली.
मग म्हणाली, तुझे केस पिकले की गं.

त्या सहा महिन्यांत आईने
सुपातला एकेक दाणा वाचून काढला.
उधारीच्या तांदळात खडे किती
याचा रोजचा आकडा ती दुकानदाराला ऐकवायची.
इतकी वर्षं आम्ही ते गिळतच होतो.

नोव्हेंबरात बोलावणं आलं,
बत्तीस जणांतल्या एकोणिसांना.
विमानं कमी झालीत म्हणे.
यांकुबाच्या बागेत आता नळ्या टाकल्यात,
त्या आपापल्या ठिबकतात.
त्यांना पगार नाही, खोकलाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात मिसेस पेनॉक आल्या,
हट्टाने तीच खोली मागून.
तू नीमा ना, म्हणाल्या.
दोन वर्षं इथला मॅनेजर मला निना म्हणतोय.
मागच्या खेपेला माझा चष्मा राहिला बघ इथे.
काही फार किमती नव्हता,
फ्रेम तेवढी ह्यांनी निवडलेली,
जायच्या आधीच्या महिन्यात.

वही काढली.
माझंच अक्षर: २१४, चष्मा, तपकिरी.
पुढे सही दोनदा,
देणारी मी, घेणारी मी.
नियमाने सगळं चोख होतं.
खरं सांगितलं असतं तरी
कुणी मला शब्दाने बोललं नसतं;
त्यांनीसुद्धा नाही, हे तर जास्तच ठाऊक होतं.

पान मी त्यांच्याकडे वळवलं नाही.
नोंद दिसत नाही, मॅडम.
आणि हसले,
ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं,
वरचे आठ दात, मान किंचित डावीकडे.

त्यांनी माझी मूठ धरली,
दोनशे दलासी आत सरकवले.
तू शोधलंस ना, तेवढंच पुष्कळ.

रात्री आई अंगणात सूप घेऊन बसलेली.
नोट समोर ठेवली तर
नोटेकडे बघितलंही नाही तिने.
वाकडी काडी कानामागे सारखी करत म्हणाली,
इकडे ये बघू जरा, उजेडात.

मी कंदिलाच्या मागे जाऊन
खडे निवडू लागले.