साडेतीनची सावली

त्रिपोलीत, पाचव्या मजल्याच्या गच्चीवर
दहा पॅनल एका माळेत जोडून मी उतरलो
तेव्हा नझीहाबाईंचा फ्रीज गुरगुरत होता.
आठवड्याने फोन:
"साडेतीनला तो मान टाकतो रे, वज्दी."

वर गेलो. पाण्याची टाकी निर्दोष.
सावली शेजारच्या गच्चीवरून येत होती,
अबू निम्रच्या कबुतरखान्याची:
फळकुटं, पत्रा, वर एक मोडकी खुर्ची.
तिची बोटभर किनार
सातव्या पॅनलच्या कोपऱ्यावर.

बोटभरच.
पण सातवा अडखळला की बाकीचे नऊ थबकतात,
सुक्याबरोबर ओलं जळावं तसे.

अबू निम्र म्हणाला, खुराडं हलणार नाही.
पाखरांना जागा पाठ असते,
दोन हात सरकवलं तर रात्रभर घिरट्या घालतील.
मग जरा वेळाने म्हणाला,
खुर्ची काढतो.

खुर्ची निघाली. मीटर थोडा वर सरकला,
थांबला.
मी हिशेब लिहून दिला: सातव्याला वेगळं यंत्र, इतके डॉलर;
नाहीतर त्याला पूर्वेच्या कठड्याकडे न्यायचं, इतके.
बाईंनी कागदाची घडी करून
चहाच्या पेल्याखाली सारली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा
वीज कधी जाणार ते मला आधी कळतंय.
तेवढा वेळ फ्रीज उघडत नाही, बस."

पलीकडून शिट्टी वाजली.
चाळीसेक कबुतरं
दहाही पॅनलांवरून वळून गेली
आणि माझ्या हातातल्या मीटरचे आकडे
दचकले.