ठुशी

तिसऱ्या मजल्यावर एसी, तरी आठल्ये घाम पुसतात.
लाल मखमलीवर मांडलंय सगळं,
बारीक मण्यांची ठुशी, मोत्यांची चिंचपेटी,
हिरव्या खड्याचा तन्मणी.
पलीकडे कुंदनचा सेट, कुणाच्या तरी संगीतासाठी.

मी ठुशीच पुढे सरकवते.
घडणावळीत सूट आहे, म्हणते,
गळ्याला कशी चपखल बसते बघ.
खरं कारण सांगत नाही.
शाल्मलीही विचारत नाही.

थायरॉइडच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली.
टाके निघाले त्या संध्याकाळी
नळ स्टॉपला रिक्षा थांबवून
हिनं आधी भेळ खाल्ली होती.

आरशात ठुशी चढते. व्रण दिसेनासा.
मला हायसं वाटतं,
आणि तेवढ्यात ती गोंडा सैल करते.
“गिळताना लागते हो,” आठल्यांना सांगते,
“ती मोहनमाळ काढा. लांब असेल ती.
ब्लाउजचा गळा मी मोठाच शिवलाय.”

लक्ष्मी रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय.
वजनकाट्यावर आकडे हलतात,
चौतीसवर थांबतात.

“ही आत ठेवू?” आठल्ये विचारतात.
ठुशी माझ्या मुठीत गरम झालेली.

राहू द्या, म्हणते मी,
आणि पदर सरकवून
आरशासमोर उभी राहते.