एकोणीस सेकंद

लोटनआप्पांची चक्की बेटावदला, स्टेशनच्या अलीकडे.
चाळीस वर्षं पट्ट्याच्या आवाजावरून बोलून
त्यांची कुजबुजसुद्धा दोन गल्ल्या ओलांडते.
डिशचं रिचार्ज संपलं, पडदा निळा.
चक्की चालूच ठेवून आप्पांनी फोन स्पीकरवर लावला
आणि मी माझा मोबाईल धरला.

‘फॉर इंग्लिश, प्रेस वन. हिंदी के लिए दो दबाएँ.’
‘दोन काय दाबू व? पाय दुखी ऱ्हायनात, पाय दाब!’
‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट.’
‘तुले समजत नही, ते फोन काब्र उचला?’

एकोणीस सेकंद. टाकलं आणि झोपलो.

सकाळी आप्पांचा आवाज
बातम्या सांगणाऱ्या गोऱ्या बाईच्या तोंडात,
दुपारी वाघाच्या.
संध्याकाळी उधन्याहून मावसभावाचा फोन:
नाइट शिफ्टभर हसलो म्हणाला,
मग बराच वेळ काहीच नाही,
मागे नुसते धोटे खटखटत होते.
पुण्याच्या एकानं विचारलं, ही गुजराती का?
अर्थ सांगायला गेलो
तर विनोद कळण्याच्या भाकरीसारखा
गार होऊन कडक झाला.

आता बाजारात कुणी भाव पाडून मागितला
की देवकाबाई मिरच्या चाळवत म्हणते, पाय दाब.
कोठावदे सर अहिराणी शब्दाला रुपया दंड घ्यायचे
(माझे अकरा रुपये आहेत त्यांच्याकडे).
परवा गणित चुकलेल्या पोराला म्हणाले,
तुले समजत नही, ते...
आणि घाईनं फळ्याकडे वळले.
पोरांनी बाकं बडवली. मागून कुणीतरी रुपया मागितला.

भिला पाटलाच्या पोराच्या लग्नात
डीजेवाल्यानं तो ठोक्यावर चढवला, वरात नाचली.
आप्पा टॉवेल-टोपी घेऊन आहेराच्या रांगेत:
‘हाऊ कोन बोंबली ऱ्हायना रे?’

एक मी कुणाला सांगितलेलं नाही.
ते एकोणीस सेकंदांत संपलं नव्हतं.
ती बाई पुन्हा तेच बोलली, तितक्याच गोडव्यानं.
आप्पा थांबले. उठून पट्टा बंद केला.
पीठ खाली बसेपर्यंत उभे राहिले,
मग असा आवाज, जो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता:
‘कोनी आंडेर शे व तू? जेवनी का?’
आणि फोन कानाला लावून बसले, उत्तराची वाट बघत.

हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, म्हणून कापलं.
मेमरी भरली की मोबाईल विचारतो, हे काढून टाकू का.
मी काहीच दाबत नाही.

आप्पांचा पडदा अजून निळाच आहे.
रिचार्ज करून द्यायचं म्हणतोय.