पोटखराब

फाळणीबुकाचं पहिलं पान वाळवीनं खाल्लंय,
म्हणून मोहगव्हाण सुरू होतं थेट नंबर चारपासून.
आधीचे तीन गावात आहेत, कागदावर नाहीत.
नांगर चालतो त्यांच्यावरही.

अठराशे त्रेसष्टचा माघ.
चिंचेखाली राहुटी, सोळा आण्यांची साखळी,
आणि घाटावरून आलेला मोजणी कारकून
विचारतोय : हे कुणाचं?
पाटील म्हणाला, औंदा ऊसना फड शे.
तसं नव्हे. कुणाचं?
पाटकरी म्हणाला, आज रातनं पानी आठेच.
कारकुनानं टाक दौतीत बुडवला
आणि पांझरा आटायची वाट पाहावी तसा
बसून राहिला.

शेवटी नावं लागली.
उखाजी वल्द तुळजी. दगा वल्द बुधा.
मारुतीच्या दिव्याला इनाम, सव्वा एकर.
महारकीला नदीचा ढासळता काठ.
बावीस नंबर, धुरपा कोम झिपरू, मयत झिपरूची.
खाली बारीक अक्षरात :
'तेविसाचे धारकाची, म्हणजे दिराची, हरकत. नामंजूर.'
त्या अकरा दिवसांत दीर दारात येऊन काय बोलला
आणि धुरपानं कुणाकुणाला ताक पाजलं
याला रकाना नव्हता.

साखळीचं दुसरं टोक सुरत्या भिल्लाच्या हातात.
अख्ख्या गावात एकटा तोच
प्रत्येक वावराच्या चारी बाजू चालून आला,
बाभळीतून, निवडुंगातून, अनवाणी.
त्याचं नाव खर्चाच्या यादीत :
रोज दोन आणे.
त्याची झोपडी, दोन शेळ्या, दारचा मोह
मिळून पोटखराब, सहा गुंठे.

गेल्या फाल्गुनात मी बावीसची हद्द कायम करायला गेलो.
रोव्हर नवा, आकाशाला विचारून मोजणारा.
पूर्वेचा दगड निघाला सात हात पुढे,
तेविसात.
दोनदा मोजलं. सातच हात.
पुरात सरकला असंल, कोतवाल म्हणाला.
नदी पश्चिमेला आहे, मी म्हटलं नाही.

दगडाच्या बुडाशी कोळसा होता, राख होती,
पुरताना घालतात तशी. म्हणजे जागचाच होता.
दोन्हीकडचे खातेदार माझ्या तोंडाकडे बघत उभे.
त्यांच्या मागच्या बांधावर एकच तूर,
दोन्ही वावरांत शेंगा टाकून वाळलेली.

मी लिहिलं : जुळते.
मग मोहाखाली बसून डबा खाल्ला.
भाकरी गार झाली होती.